प्राणप्रतिष्ठेविना देवता : तुळशीची निगा आणि सेवेचा प्रश्न

हिंदू पूजाविधीत देवमूर्तीला जे सोळा उपचार अर्पण केले जातात, त्यांत आवाहन आणि आसन यांपासून स्नान, वस्त्र, गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य यांपर्यंतची प्रत्येक कृती मानाच्या पाहुण्याचे आदरातिथ्य करावे तशी योजलेली आहे. परंतु या आदरातिथ्यात एक गोष्ट आधीच गृहीत धरलेली असते, ती ही की पाहुण्याला त्याची गरज नाही. एखाद्या दिवशी मूर्तीला स्नान घडले नाही किंवा नैवेद्य चुकला, तर दोष लागतो तो पूजा करणाऱ्याला. मूर्ती तहानलेली वा उपाशी राहत नाही. त्याच घराच्या अंगणात वृंदावनात उभ्या असलेल्या तुळशीची गोष्ट वेगळी आहे. तिलाही देवता मानले जाते, तिलाही हळदकुंकू, दिवा, प्रदक्षिणा आणि नमस्कार असतो, पण वैशाखातल्या उन्हात काही दिवस पाणी मिळाले नाही तर ती माना टाकते आणि पुढे वाळून जाते. ज्या देवतेला खरीखुरी गरज आहे आणि ती गरज पुरवण्यात माणूस चुकू शकतो, तिच्या बाबतीत सेवा या कल्पनेचा अर्थ काय राहतो, आणि पाणी किती घालावे, ऊन किती लागते, शेंडा केव्हा खुडावा हे माळ्याचे ज्ञान पूजेबाहेरचे व्यवहारज्ञान ठरते की पूजेचेच एक अंग ठरते, हा प्रश्न वरवर घरगुती वाटला तरी धर्मविचाराच्या मुळाशी जाणारा आहे.

या प्रश्नाचा एक धागा प्राणप्रतिष्ठेच्या विधीत सापडतो. प्राणप्रतिष्ठा म्हणजे धातूच्या, दगडाच्या किंवा मातीच्या मूर्तीत मंत्रांनी प्राणाची स्थापना करणे. या विधीपूर्वी मूर्ती हे केवळ शिल्प असते आणि विधीनंतर ती पूज्य होते. भाद्रपदातल्या पार्थिव गणपतीची प्रतिष्ठापना आणि ठरल्या दिवशी त्याचे विसर्जन ही दोन्ही याच कल्पनेला धरून आहेत. गंडकी नदीतला शाळिग्राम आणि नर्मदेतला बाण यांना मात्र हा विधी लागत नाही, कारण त्यांच्यात देवतेचे सान्निध्य स्वयंसिद्ध मानलेले आहे. तुळशीच्या नित्यपूजेतही प्राणप्रतिष्ठा नाही, पण त्यामागचे कारण शाळिग्रामाहून निराळे मानावे लागते. तिच्यातला प्राण कोणी मंत्राने आणलेला नसतो. तो बीजातून आलेला असतो, आणि म्हणून तो जाऊही शकतो.

पुराणांनी हाच भेद कथेच्या रूपाने मांडलेला आहे. पद्मपुराणात जालंधराची पत्नी वृंदा आणि ब्रह्मवैवर्त पुराणात शंखचूडाची पत्नी तुलसी अशी नावे वेगळी असली, तरी कथेचा गाभा एकच आहे: पतीच्या रूपात येऊन विष्णूने एका पतिव्रतेचे व्रत भंग केले, कारण त्याशिवाय तिच्या पतीचा पराभव शक्य नव्हता. ब्रह्मवैवर्ताच्या कथेत ती विष्णूला पाषाण होण्याचा शाप देते आणि तो शाळिग्राम होतो. तिच्या देहाची गंडकी होते आणि केसांतून तुळस उगवते. ही कथा अनेकदा केवळ माहात्म्य म्हणून सांगून सोडून दिली जाते, हे तिच्यावर अन्याय करणारे आहे, कारण तिच्यात एक गंभीर नैतिक वेदना आहे आणि देवाकडून घडलेली आगळीक लपवण्याचा तिने प्रयत्न केलेला नाही. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत महाराष्ट्रात जो तुळशीविवाह लावला जातो, त्यात ऊस, चिंचा आणि आवळे वृंदावनात खोचून, अंतरपाट धरून आणि मंगलाष्टके म्हणून बाळकृष्णाशी किंवा शाळिग्रामाशी तिचे लग्न होते. दरवर्षी लागणाऱ्या या लग्नात वर शाळिग्राम असेल, तर तो न मरणारा दगड असतो आणि वधू मरणारी वनस्पती असते. वराला पाणी घातले काय आणि न घातले काय, त्याचे काही बिघडत नाही, वधूचे बिघडते.

देवाने भक्तावर अवलंबून राहावे, ही कल्पना भारतीय भक्तिविचाराला अपरिचित नाही. रामानुजांच्या विशिष्टाद्वैत संप्रदायात परमेश्वराची पाच रूपे सांगितली आहेत: वैकुंठातले पर रूप, सृष्टिव्यापार चालवणारे व्यूह, राम-कृष्णादी अवतार म्हणजे विभव, हृदयात वसणारा अंतर्यामी, आणि पूजेची मूर्ती म्हणजे अर्चा. श्रीरंगम येथे होऊन गेलेल्या पिळ्ळै लोकाचार्यांनी या अर्चारूपाचा विशेष महिमा सांगितला आहे, तो असा की जो सर्व जगाला पोसतो तोच येथे स्वतःला भक्ताच्या अधीन करून घेतो, त्याने घातलेल्या स्नानाची आणि त्याने वाढलेल्या अन्नाची वाट पाहतो. हे पारतंत्र्य ईश्वराने कृपेपोटी पत्करलेले असते, आणि भक्ताच्या हृदयाला विरघळवणारी ही कल्पना आहे यात शंका नाही. परंतु या पारतंत्र्यात भक्ताची चूक कोठेही दिसत नाही. मूर्तीचा चेहरा नैवेद्य मिळाला तरी तोच आणि न मिळाला तरी तोच राहतो, त्यामुळे सेवा नीट झाली की नाही याचा निवाडा भक्ताने स्वतःच्या मनाशीच करायचा असतो. तुळशीच्या बाबतीत हा निवाडा पानांवर उमटतो. तेथे भाव उत्कट असून सेवा चुकीची असू शकते, आणि ती चुकीची होती हे झाड सांगते. भावशुद्धीलाच सर्वस्व मानणाऱ्या धर्मविचारापुढे तुळशीने उभी केलेली ही अडचण फार मोलाची आहे.

अडचण नीट कळण्यासाठी ही वनस्पती स्वभावाने कशी आहे हे पाहणे आवश्यक आहे. वनस्पतिशास्त्रात तिला ओसिमम टेन्युइफ्लोरम म्हणतात. लिनिअसने १७५३ मध्ये हे नाव दिले आणि १७६७ मध्ये त्याच वनस्पतीला ओसिमम सँक्टम, म्हणजे पवित्र, असे दुसरे नावही दिले. पुदिना आणि सब्जा ज्या कुळातले, त्याच कुळातली ही आहे, आणि त्या कुळाची खूण असलेले चौकोनी खोड कोवळ्या फांदीवरून बोट फिरवले तर हाताला जाणवते. ती बहुवर्षायू आहे, म्हणजे एका हंगामात संपणारी नाही, पण तिचे आयुष्य वृक्षासारखे दीर्घही नाही; बुडाशी लाकडासारखी कठीण होणारी आणि वर कोवळी राहणारी ही लहान, आटोपशीर वनस्पती साधारणपणे हात-दीड हात वाढते आणि चांगल्या निगेत दोन-तीन वर्षे जोमात राहते. हिरव्या पानांची ती रामतुळस आणि जांभळट पानांची ती कृष्णतुळस असे घरोघरी म्हणतात. तिला दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन लागते, पाण्याचा निचरा होणारी हलकी माती लागते आणि थंडी सोसत नाही. महाराष्ट्रातल्या पौष-माघातल्या गारठ्यातही तिची पाने झडतात, आणि जेथे हिमतुषार पडतात अशा देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ती हिवाळाभर घरात, खिडकीशी किंवा दिव्याच्या प्रकाशात सांभाळावी लागते.

आता पाण्याचा प्रश्न घ्यावा, कारण श्रद्धा आणि निगा यांची सर्वांत जास्त गाठ तेथेच पडते. स्नान करून तुळशीला पाणी घालणे हा नित्याचार आहे आणि नित्याचाराला खंड नसतो. परंतु झाडाची गरज ऋतूप्रमाणे बदलते. मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते, मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर मुळे गुदमरतात, मग त्यांच्यावर बुरशी चढते आणि ती कुजू लागतात. आषाढ-श्रावणात आभाळ दिवसचे दिवस झाकलेले असताना तळबंद कुंडीतल्या तुळशीवर रोज तांब्याभर पाणी ओतले जाते, तेव्हा हेच घडते. यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी की कुजलेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नाही, त्यामुळे अतिपाण्याने मरणाऱ्या तुळशीची पानेही तहानेने व्याकूळ झालेल्या तुळशीसारखीच लोंबतात, आणि ते पाहून कळवळलेला भक्त आणखी पाणी घालतो. येथे कळवळा खरा असतो आणि त्याच कळवळ्याने झाडाचा प्राण जातो. या दोन अवस्थांतला फरक ओळखण्याचा उपाय साधा आहे: बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे, आत ओल लागली तर पाणी घालू नये, माती कोरडी आणि भुसभुशीत लागली तर घालावे.

मग नित्याचाराचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पूजेच्या उपकरणांतच आहे. देवपूजेत अर्घ्य आणि आचमन पळीने दिले जाते, घागरीने दिले जात नाही. अर्पणाची पूर्तता द्रव्याच्या प्रमाणावर अवलंबून नसते, हे कर्मकांडाला चांगले ठाऊक आहे. पावसाळ्यात पळीभर पाणी बुंध्यापासून थोडे दूर सोडले, तर आचारही राहतो आणि झाडही राहते. मात्र हा निर्णय घेण्यासाठी पूजा करणाऱ्याला आधी मातीत बोट घालावे लागते, म्हणजे देवतेची आजची अवस्था विचारावी लागते. मूर्तिपूजेत असे विचारण्याचा प्रसंग येत नाही.

हळद, कुंकू, दूध आणि दिवा यांविषयीही असेच आहे. खोडाला आणि मातीला रोज वाहिलेले हळदकुंकू साठत जाऊन मातीवर पापुद्रा धरते. बाजारातल्या कुंकवात रंगासाठी रसायने असतील तर ती मुळांपर्यंत झिरपतात. दुधाने माती आंबते आणि मुंग्या येतात. निरांजन फांद्यांखाली ठेवले तर ज्योतीच्या धगीने खालची पाने करपतात. जुन्या दगडी वृंदावनांच्या अंगावर दिव्यासाठी कोनाडा कोरलेला असतो, तो केवळ शोभेसाठी नाही. वाऱ्यापासून ज्योत आणि ज्योतीपासून झाड अशा दोघांचेही तो रक्षण करतो. हळदकुंकू कोनाड्याच्या चौकटीला किंवा वृंदावनाच्या दगडाला लावावे आणि झाडाच्या अंगाला लावू नये, असा संकेत एखाद्या घराने पाळला तर त्याला आचारभ्रष्टता म्हणण्याचे काही कारण नाही.

येथे आधुनिक काळातल्या एका समर्थनाचा विचार करणे भाग आहे. तुळस रात्रंदिवस प्राणवायू सोडते, म्हणून पूर्वजांनी तिला अंगणात लावले, असे आजकाल पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी आहे की इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणेच तुळसही उजेडात प्रकाशसंश्लेषणाने, म्हणजे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करताना, प्राणवायू सोडते आणि अंधारात ही क्रिया थांबल्यावर केवळ श्वसन करते, म्हणजे प्राणवायू घेते. तिच्या पानांत युजेनॉल नावाचे सुगंधी द्रव्य आहे आणि घरगुती औषधांत तिला जुने स्थान आहे, हे खरे. पण उपयुक्ततेच्या पायावर पूजा उभी करणे धर्माच्या दृष्टीने घातक आहे, आणि तो पाया खोटा असेल तर विज्ञानाच्या दृष्टीनेही घातक आहे. जी उपयोगी म्हणून पूज्य ठरते, ती निरुपयोगी झाल्यावर टाकून देण्याजोगी ठरते. वृंदावनातल्या तुळशीविषयीची भावना अशा हिशेबावर कधीच उभी नव्हती, आणि तिला त्या हिशेबाच्या आधाराची गरजही नाही.

निगेतला खरा अवघड प्रसंग खुडण्याचा आणि छाटण्याचा आहे, कारण तेथे अहिंसेचा प्रश्न उभा राहतो. वनस्पतींना जीव आणि जाणीव आहे काय, याची चर्चा महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भरद्वाज यांच्या संवादात आलेली आहे. वृक्ष पाहत नाहीत, ऐकत नाहीत, वास घेत नाहीत, मग ते पंचमहाभूतांचे बनलेले कसे, असा भरद्वाजाचा आक्षेप आहे. त्यावर भृगू एकेका इंद्रियाचे प्रमाण देतो. उष्णतेने पान कोमेजते म्हणून स्पर्श आहे, मेघगर्जनेने फुले-फळे गळतात म्हणून श्रवण आहे, वेल आधार शोधत वळते म्हणून दृष्टी आहे, धुपाने रोग हटतात म्हणून घ्राण आहे, मुळांनी पाणी पिते म्हणून रसना आहे, आणि तोडल्यावर पुन्हा फुटते व सुखदुःख भोगते म्हणून जीव आहे. यांतली काही प्रमाणे आज टिकणारी नाहीत, पण झाडाकडे इतक्या बारकाईने पाहून तत्त्वनिर्णय करण्याची ही रीत आदरणीय आहे. जैन दर्शनाने वनस्पतीला एकेंद्रिय, म्हणजे केवळ स्पर्शेंद्रिय असलेला जीव मानले आणि तिला इजा करण्याच्या बाबतीत साधूंवर अत्यंत कडक निर्बंध घातले. मराठीत या प्रश्नाला सर्वांत धारदार रूप ज्ञानेश्वरांनी दिले. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना ते आयुर्वेदावरही आक्षेप घेतात, तो असा की एका जीवाला वाचवण्यासाठी हे शास्त्र दुसऱ्या जीवांची मुळे उपटते, साली सोलते, त्यांना शिजवते, आणि अशा रीतीने जीवघातातून जीवरक्षण साधू पाहते.

हा आक्षेप तुळशीच्या छाटणीला लागू पडतो काय? वरवर पाहता पडतो, कारण तेथेही जिवंत झाडाला नख लागते. परंतु ज्ञानेश्वरांच्या आक्षेपाचा रोख एकाच्या हितासाठी दुसऱ्याला मारण्यावर आहे. तुळशीचा शेंडा खुडण्यात ज्याला इजा होते त्याचेच हित साधलेले असते, आणि हे शब्दच्छल म्हणून म्हटलेले नाही, झाडाच्या रचनेत ते दिसते. तुळशीची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात असते. प्रत्येक पानाच्या बगलेत एक कळी निद्रिस्त असते. शेंड्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक, म्हणजे वाढीचे नियमन करणारे द्रव्य, तयार होऊन खाली उतरते आणि बगलेतल्या कळ्यांना रोखून धरते, त्यामुळे न खुडलेले रोप सरळ, उंच आणि विरळ वाढते. एका पानजोडीच्या थोडे वर नखाने शेंडा खुडला, की तो दाब उठतो आणि त्या जोडीच्या दोन्ही बगलांतून दोन फुटवे निघतात. ते वीतभर झाल्यावर पुन्हा खुडले की चार होतात, आणि काही महिन्यांत एकशिवडे रोप डेरेदार होते. येथे खुडणाऱ्याच्या हेतूबरोबर त्याच्या ज्ञानाचीही परीक्षा आहे. तोच हात पानजोडीच्या खाली, जून लाकडात, पाने न ठेवता कापील तर ती फांदी पुन्हा फुटेलच याची खात्री नसते. हेतू दोन्हीकडे सारखाच असून एक कृती सेवा होते आणि दुसरी हिंसा होते, त्यांच्यातला फरक केवळ जाणण्याचा आहे. अहिंसेच्या चर्चेत अज्ञानाला एवढे वजन क्वचितच दिले गेले आहे.

धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांनी, म्हणजे व्रते, तिथी आणि आचार यांविषयीचे निर्णय एकत्र करणाऱ्या ग्रंथांनी, तुळस तोडण्यावर अनेक निर्बंध घातले आहेत. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा १७९० च्या सुमाराचा धर्मसिंधु हा या परंपरेतला महाराष्ट्रात सर्वाधिक प्रमाण मानला गेलेला ग्रंथ आहे. द्वादशीला, अमावास्या-पौर्णिमेला, संक्रांतीला, रविवारी, रात्री आणि संध्याकाळी तुळस तोडू नये, स्नानाशिवाय तोडू नये, असे नियम परंपरेत रूढ आहेत. त्याचबरोबर तुळशीचे पान शिळे होत नाही, आदल्या दिवशी तोडलेले किंवा आपोआप गळलेले पानही चालते, अशी सवलतही आहे. हे दोन्ही नियम एकत्र वाचले पाहिजेत. नैवेद्यावर रोज तुळशीपत्र हवे आणि झाड तर हातभर उंचीचे, अशा स्थितीत रोज ओरबाडले गेलेले झाड महिन्याभरात निष्पर्ण होईल; म्हणून झाडाला विसावा देणारे दिवस नेमणे आणि त्या दिवसांची तूट भरून काढण्यासाठी पान शिळे होत नाही असे ठरवणे, यांत भक्ताची निकड आणि झाडाचा जीव यांचा समेट आहे. नियम करणाऱ्यांच्या मनात हाच हेतू होता असे सिद्ध करता येणार नाही, पण नियमांचा परिणाम तसा होतो हे नाकारताही येणार नाही.

मंजिरीच्या बाबतीत हा समेट आणखी पूर्ण आहे. मंजिरी म्हणजे फांदीच्या टोकाला येणारा तुळशीचा तुरा. तिच्या दांड्यावर ठराविक अंतराने बहुधा सहा-सहा फुलांची वलये असतात आणि ती खालून वर उमलत जातात. त्यामुळे एकाच मंजिरीवर तळाशी वाळून तपकिरी झालेले पुष्पकोश, त्यांत प्रत्येकी चार बारीक बिया, मध्यभागी उमललेली फिकट जांभळी फुले आणि टोकाला अजून मिटलेल्या कळ्या अशा तिन्ही अवस्था एका वेळी दिसतात. मंजिऱ्या पिकू दिल्या की झाडाचे सारे बळ बीजाकडे वळते, नवी पाने लहान आणि थोडी येतात, खोड लवकर जून होते आणि एरवी दोन-तीन वर्षे टिकणारे झाड लवकर संपते. म्हणून माळी मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडतो. वैष्णव पूजापद्धतीत दोन पानांसह कोवळी मंजिरी हेच तुळशीचे सर्वोत्तम अर्पण मानलेले आहे, म्हणजे देवाला जे सर्वाधिक प्रिय तेच झाडावरून काढणे झाडाला सर्वाधिक हितकारक आहे. तरीही सगळ्याच मंजिऱ्या खुडणे योग्य नाही. एका फांदीवरच्या तरी पूर्ण वाळू द्याव्यात, कारण जी वनस्पती दोन-तीन वर्षांत जाणार आहे तिच्यामागे बी राहिले पाहिजे, आणि हे बी ठेवणे म्हणजे तिच्या मृत्यूचा विचार ती टवटवीत असतानाच करणे आहे.

तो मृत्यू अखेर येतोच, आणि तेव्हा एक जुना तात्त्विक प्रश्न नव्याने उभा राहतो. यज्ञकर्माची चिकित्सा करणाऱ्या पूर्वमीमांसेत प्रतिनिधी नावाचा विचार आहे: विहित द्रव्य मिळाले नाही किंवा नष्ट झाले, तर त्याच्या जागी त्याच्यासारखे दुसरे द्रव्य घ्यावे, जसे सोम न मिळाल्यास पूतिका नावाची वेल घेतात. परंतु जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात याला स्पष्ट मर्यादा घातलेली आहे. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी नसतो. द्रव्य बदलता येते, देवता बदलता येत नाही. तुळस या विभागणीत कोठे बसते? नैवेद्यावर ठेवलेले तिचे पान हे विष्णूला अर्पण केलेले द्रव्य आहे, आणि वृंदावनात उभी असलेली ती स्वतः देवता आहे. सकाळी जिला नमस्कार केला तिचेच पान क्षणभराने खुडून दुसऱ्या देवाला वाहिले जाते, आणि यात कोणाला विसंगती वाटत नाही. द्रव्य म्हणून पाहिले तर वाळलेल्या झाडाच्या जागी दुसरे रोप लावण्यात काहीच अडचण नाही. देवता म्हणून पाहिले तर गेलेल्या देवतेच्या जागी दुसरी आणली, असे म्हणावे लागेल, आणि तसे कोणी म्हणत नाही.

लोकाचाराने हा पेच ज्या रीतीने सोडवला आहे, ती मीमांसकांनाही विचार करायला लावणारी आहे. वाळलेली तुळस नदीत सोडतात किंवा मातीत मिळवतात. तिचे लाकूड जपून ठेवले जाते, त्याचे मणी ओवून वारकऱ्यांची माळ होते, काडी अंत्यविधीत चितेवर ठेवली जाते. वृंदावन मात्र रिकामे ठेवले जात नाही, आणि पुष्कळदा जुन्या झाडाच्या बुडाशी गळलेल्या बियांची रोपे आधीच उगवलेली असतात, त्यांतलेच एक वाढू दिले की झाले. नवे रोप प्रतिनिधी ठरत नाही, कारण ते तिच्यासारखे दुसरे द्रव्य नाही, तिच्याच बीजाची संतती आहे. आणि त्याच्यासाठी नव्याने प्राणप्रतिष्ठा लागत नाही, कारण प्राण खंडित झालेलाच नाही, तो बियांमधून पुढे गेला आहे. देवतेचे नित्यत्व येथे अविनाशी पदार्थात शोधलेले नाही. माणसाने वेळेवर बी राखले, रुजवले आणि जगवले, तरच ते टिकते, आणि म्हणून हे नित्यत्व काही अंशी सेवकाच्या हाती दिलेले आहे. अर्चारूपातले ईश्वराचे पारतंत्र्य इतके खरे दुसरीकडे कोठे होत असेल असे वाटत नाही.

हे नित्यत्व तोडण्याचा प्रयत्नही इतिहासात झालेला आहे. गोव्यातल्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज अमलाखालच्या ख्रिस्ती धर्मन्यायासनाने, १७३६ मध्ये काढलेल्या आज्ञापत्रात धर्मांतरितांच्या घरांत टिकून राहिलेल्या जुन्या चालीरीतींवर जी लांबलचक बंदी घातली, तिच्यात घरात, आवारात किंवा बागेत तुळस लावण्यालाही मनाई होती. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इन्क्विझिशनवरील ग्रंथामुळे ते आज्ञापत्र अभ्यासकांसमोर आले. धर्मांतर होऊन पिढ्या लोटल्यावरही ज्या घरांतून तुळस लावली जात होती, तेथे मूर्ती आणि मंत्र केव्हाच गेले होते, पण पाणी घालण्याची आणि बी राखण्याची सवय गेली नव्हती. आज्ञापत्र काढणाऱ्यांनी या सवयीतला धर्म अचूक ओळखला होता, असे दुःखाने म्हणावे लागते.

तुळशीची निगा हे पूजेचे अंग मानले, तर त्या पूजेतला अधिकार कोणाकडे जातो, हेही पाहिले पाहिजे. वेदमंत्रांचा अधिकार धर्मशास्त्राने स्त्रियांना आणि शूद्रांना नाकारला. तुळशीची नित्यपूजा मात्र पुरोहिताशिवाय, घरातली स्त्रीच करत आली आहे, आणि आषाढी वारीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन पंढरपूरची वाट चालणाऱ्याही स्त्रियाच आहेत. तेराव्या शतकात सोलापूर जिल्ह्यातल्या अरण गावी सावता माळी यांनी मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला, आणि ते पंढरीला गेले नाहीत तर विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला, असे परंपरा सांगते. संतांच्या मांदियाळीत माळ्याचे काम उपासनेची पूर्वतयारी म्हणून आलेले नाही. ते उपासना म्हणूनच आलेले आहे. मग माती केव्हा ओली आहे, पान तहानेने लोंबले की मुळे कुजल्याने, मंजिरी खुडण्याजोगी झाली की बीसाठी ठेवण्याजोगी, हे ज्याला कळते त्याचे मत या पूजेत शास्त्रीबुवांच्या मताइतकेच प्रमाण धरले जायला हवे.

द्वादशीच्या सकाळी फांदीच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पिठ्या ढेकूण चिकटलेले दिसले, किंवा एक फांदी काळी पडून खाली खोडाकडे कुजत येताना दिसली, तर त्या दिवशी तिला हात लावावा की नाही, असा प्रश्न श्रद्धाळू माणसाला खरोखर पडतो. तोडण्याचा निषेध पूजेसाठी पान घेण्याविषयी आहे. आजारी झाडाच्या उपचाराला तो लागू करणे म्हणजे ज्या देवतेच्या विसाव्यासाठी नियम आहे तिलाच त्या नियमाखाली मरू देणे आहे. ढेकूण ओल्या फडक्याने पुसून काढावेत आणि कडुनिंबाच्या तेलाचा पातळ फवारा ऊन उतरल्यावर द्यावा. कुजती फांदी निरोगी भागापर्यंत धारदार सुरीने कापावी, ती पूजेत न वापरता वृंदावनापासून दूर मातीत पुरावी, आणि सुरी दुसऱ्या फांदीला लावण्यापूर्वी धुऊन कोरडी करून घ्यावी.